१६ जून : शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या, तो दिवस आफ्रिकेचा बालदिन कसा झाला?

एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. डंगरी घातलेला एक तरुण रस्त्यावरून धावतोय. त्याच्या हातात एका लहान मुलाचं निपचित शरीर आहे. शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी हात वर करून ओरडत पळतेय.

दरवर्षी १६ जूनच्या आसपास हा फोटो टाइमलाइनवर येतो. खाली कधी लिहिलेलं असतं ‘आफ्रिकन बालदिन’, तर कधी ‘मातृभाषेसाठी शहीद झालेली मुलं’. यातली पहिली ओळ बरोबर आहे. दुसरी मात्र बरोबर नाही, आणि खरी गोष्ट त्या ओळीपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

फोटो १९७६ चा आहे, म्हणजे २०२६ मध्ये त्याला ५० वर्षं होतात. ठिकाण दक्षिण आफ्रिकेतलं सोवेटो. जोहान्सबर्ग शहराच्या नैऋत्येला कृष्णवर्णीय कामगारांसाठी वसवलेल्या वस्त्यांचा हा भला मोठा पसारा. शहरात गोऱ्यांकडे काम करायचं आणि रात्री इथे परत यायचं, अशी तिथली रचना होती.

मुलं रस्त्यावर का आली?

सुरुवात १९५३ पासून करावी लागेल. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत ‘बांटू एज्युकेशन ॲक्ट’ आला आणि कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण मिशनरी शाळांकडून काढून सरकारच्या ताब्यात घेतलं गेलं. कायद्याचे कर्तेधर्ते होते हेन्ड्रिक व्हरवूर्ड, जे पुढे पंतप्रधान झाले. या माणसाने आपला हेतू कधी लपवला नाही. काळ्या मुलाला आयुष्यात गणिताचा उपयोगच होणार नसेल तर ते शिकवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. गोऱ्यांच्या समाजात काळ्यांना मजुरीच्या वर जागा नाही, मग शिक्षणही तेवढंच द्यावं.

पैशाच्या हिशेबात हे स्वच्छ दिसतं. १९७५-७६ मध्ये सरकार एका गोऱ्या विद्यार्थ्यावर वर्षाला ६४४ रँड खर्च करत होतं आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर ४२ रँड.

त्यात १९७४ मध्ये नवा आदेश आला. कृष्णवर्णीयांच्या शाळांमध्ये वरच्या इयत्तांत निम्मे विषय इंग्रजीतून आणि निम्मे ‘आफ्रिकान्स’मधून शिकवायचे. आफ्रिकान्स ही डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून तयार झालेली भाषा. गणित, अंकगणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून, तर विज्ञान आणि हस्तकौशल्याचे विषय इंग्रजीतून, अशी वाटणी होती.

आता विचार करा. मूल घरी झुलू, सोथो किंवा त्स्वाना बोलतं. शाळेत थोडंफार इंग्रजी शिकलंय. एके दिवशी गणिताचा तास तिसऱ्याच भाषेत सुरू होतो, आणि ती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकालाही धड येत नाही. वर ती कुणाची भाषा? पोलिसांची, पास तपासणाऱ्या कारकुनाची, मंत्र्यांची.

विरोध झाला नाही असं नाही. शिक्षकांच्या संघटनांनी हरकत घेतली, पालकांनी घेतली, काही शाळा मंडळांनीही घेतली. यावर तेव्हाचे उपमंत्री पंट जॅन्सन यांचं उत्तर साधारण असं होतं की, आपण काळ्या लोकांना याबद्दल विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मे १९७६ मध्ये जोहान्सबर्गचे डीन डेस्मंड टुटू यांनी पंतप्रधान जॉन फॉर्स्टर यांना पत्र लिहून रक्तपात होईल असा इशारा दिला. त्याकडेही दुर्लक्ष झालं.

मोठ्यांनी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या होत्या. मग मुलांनीच बैठक घेतली.

त्या बुधवारी काय झालं?

१६ जून १९७६, बुधवार. मॉरिस आयझॅकसन हायस्कूल, नालेदी हायस्कूल आणि इतर शाळांतून मुलांचे जथे निघाले. पुढारी होता १९ वर्षांचा त्सिएत्सी माशिनिनी. ठरलं होतं एवढंच की शांतपणे चालत ऑर्लँडो स्टेडियमपर्यंत जायचं आणि तिथे सभा घ्यायची. बहुतेकांनी घरी सांगितलंही नव्हतं. किती मुलं होती याचे अंदाज १० हजारांपासून २० हजारांपर्यंत जातात.

हातातले फलक पुठ्ठ्याचे होते. एकावर लिहिलं होतं, आम्ही आफ्रिकान्स शिकायची असेल तर फॉर्स्टरने झुलू शिकावी.

ऑर्लँडो वेस्ट भागात पोलीस आडवे आले. अश्रुधूर सोडला, कुत्रा सोडला, मुलांनी दगड मारले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सर्वांत आधी गोळी लागलेल्यांपैकी एक होता १५ वर्षांचा हेस्टिंग्ज न्दलोवू. त्याच्याजवळ तेव्हा कॅमेरा घेऊन कुणी नव्हतं, म्हणून त्याचं नाव सोवेटोबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. कॅमेरा होता तो १२ वर्षांच्या हेक्टर पीटरसनजवळ. त्याला उचलून धावणारा १८ वर्षांचा म्बुयिसा माखुबो आणि शेजारी पळणारी हेक्टरची बहीण अँटोनेट.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण ती त्याच दिवसाचा भाग आहे. गोळीबारानंतर जमाव भडकला आणि मेल्व्हिल एडेलस्टाइन या गोऱ्या समाजशास्त्रज्ञाला त्याने ठार मारलं. हा माणूस सोवेटोतल्या लोकांसाठीच काम करत होता आणि तिथल्या तरुणांच्या मनात काय खदखदतंय यावर त्याने अभ्यासही केला होता.

पहिल्या दिवशीच्या मृतांचा सरकारी आकडा २३ होता. पण आंदोलन सोवेटोत थांबलं नाही, ते देशभर पसरलं आणि महिनोन्महिने चाललं. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी १९७७ पर्यंतच्या मृतांची संख्या ५७५ दिली.

सरकारने माघार घेतली का? भाषेपुरती घेतली, तीही तीन आठवड्यांत. जुलै १९७६ मध्ये मंत्र्यांनी जाहीर केलं की शाळांनी आपलं माध्यम स्वतः निवडावं. जी गोष्ट पालकांच्या अर्जावर देता आली असती, ती इतकी मुलं गेल्यावर दिली.

फोटोतली माणसं पुढे कुठे गेली?

फोटो काढला सॅम न्झिमा यांनी. ते ‘द वर्ल्ड’ या जोहान्सबर्गच्या दैनिकात काम करत होते. पोलीस कॅमेऱ्यातले रोल काढून घेणार हे ओळखून त्यांनी तो रोल मोज्यात लपवला. फोटो जगभर छापून आला आणि न्झिमा यांच्यामागे पोलीस लागले. नोकरी सोडून ते गावी गेले, तिथेही त्यांच्यावर पहारा बसला. स्वतःच्या या फोटोचा हक्क मिळायला त्यांना १९९८ साल उजाडावं लागलं. २०१८ मध्ये ते गेले. ‘द वर्ल्ड’वर तर ऑक्टोबर १९७७ मध्ये बंदीच आली.

म्बुयिसाची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. फोटोमुळे तो पोलिसांच्या डोळ्यात आला. देश सोडून बोट्स्वाना, तिथून नायजेरिया. १९७८ मध्ये आईला त्याचं एक पत्र आलं. त्यानंतर काहीच नाही. तो हयात आहे की नाही हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. २००४ मध्ये तिचं निधन झालं. लोक म्बुयिसाला हिरो म्हणत, ते तिला पटत नसे. पडलेल्या मुलाला उचलणं हे भाऊ म्हणून त्याचं कामच होतं, त्याला ओलांडून गेला असता तर इथे तोंड दाखवायला जागा राहिली नसती, असं तिचं म्हणणं होतं.

मग हा मातृभाषेचा लढा होता का?

नाही. सोशल मीडियावर गफलत होते ती इथेच. सोवेटोतली मुलं ‘आम्हाला झुलूतून शिकवा’ अशी मागणी करत नव्हती. आफ्रिकान्स नको, इंग्रजी चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बांटू शिक्षणाच्या धोरणात पहिली आठ वर्षं मातृभाषेतूनच शिकवलं जायचं. ऐकायला छान वाटतं. पण तिथे मातृभाषा मुलाच्या भल्यासाठी नव्हती. झुलूने झुलूत राहावं, सोथोने सोथोत राहावं, दोघांनी एकत्र येऊ नये आणि इंग्रजीतून बाहेरच्या जगाशी बोलू नये, हा त्यामागचा डाव होता. त्यामुळे कृष्णवर्णीय पालकांच्या मनात मातृभाषेतलं शिक्षण म्हणजे ‘दुय्यम शिक्षण’ हे समीकरण पक्कं बसलं. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. त्याकडे शेवटी येऊ.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद झाला आणि जीआर मागे घेतला गेला. हे वाचताना तो कुणाला आठवेलही. पण तुलना जपून करावी. आपल्याकडे विरोध करणाऱ्यांकडे मत होतं, पक्ष होते, वर्तमानपत्रं होती. सोवेटोतल्या मुलांच्या आईवडिलांना देशाच्या संसदेसाठी मतदानाचा हक्कच नव्हता. म्हणून तिथला झगडा भाषेपाशी थांबत नाही. आमच्या आयुष्याबद्दल निर्णय घेताना आम्हाला विचारलं का, हा खरा प्रश्न होता. जॅन्सन यांनी त्याचं उत्तर ‘नाही’ असं आधीच दिलं होतं.

बालदिन कधीपासून?

आफ्रिकन देशांची तेव्हाची संघटना ‘ऑर्गनायझेशन ऑफ आफ्रिकन युनिटी’ने १९९१ पासून १६ जून हा ‘आफ्रिकन बालदिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली. गंमत अशी की ज्या देशात हे घडलं तो दक्षिण आफ्रिका तेव्हा या संघटनेचा सदस्यच नव्हता. तो १९९४ मध्ये, वर्णभेदी राजवट गेल्यावर आला. आज तिथे १६ जूनला ‘युथ डे’ म्हणून सार्वजनिक सुट्टी असते.

याच सुमारास आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. जुलै १९९० मध्ये अदिस अबाबा इथे आफ्रिकेने मुलांच्या हक्कांची स्वतःची सनद मंजूर केली. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार अवघ्या काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९८९ मध्ये आला होता. मग वेगळी सनद कशाला?

कारण आफ्रिकन देशांना वाटत होतं की तो करार लिहिताना त्यांचं फारसं ऐकलं गेलं नाही आणि त्यांच्याकडचे काही प्रश्न त्यात आलेच नाहीत. आफ्रिकन सनदेत वर्णभेदावर स्वतंत्र कलम आहे. काही बाबतींत ती संयुक्त राष्ट्रांच्या करारापेक्षा कडकही आहे. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच, त्यात पळवाट नाही. बालविवाहावर थेट बंदी. १८ खालच्या मुलांना युद्धात उतरवायचं नाही. आई तुरुंगात असेल तर तिच्या मुलाचा विचार आधी करायचा. शाळेत असताना मुलगी गरोदर राहिली, तर तिला शिक्षण पुढे चालू ठेवण्याची संधी मिळाली पाहिजे. आणि मुलाशी संबंधित खटल्यात किंवा सरकारी निर्णयात त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे.

सनद १९९९ मध्ये लागू झाली. आज आफ्रिकन युनियनच्या ५५ पैकी बहुसंख्य देशांनी ती स्वीकारली आहे. तिच्यावर देखरेख करायला तज्ज्ञांची एक समिती आहे आणि तिच्याकडे एखाद्या देशाविरुद्ध तक्रार नेता येते. बालदिनाच्या पोस्टर आणि भाषणांपेक्षा ही तक्रारीची सोय आम्हाला जास्त कामाची वाटते.

तक्रार केल्यावर होतं काय?

पहिला निकाल मार्च २०११ मधला, केनियाविरुद्ध. प्रश्न न्यूबियन समाजाच्या मुलांचा होता. ब्रिटिशांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुदानमधून सैनिक म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. नैरोबीतल्या किबेरा भागात ते पिढ्यानपिढ्या राहतात. पण जन्मतः नागरिकत्व नाही. १८ वर्षांचं झाल्यावर वेगळ्या छाननीतून जायचं आणि आपण केनियाचेच आहोत हे सिद्ध करायचं. तोपर्यंत मूल कोणत्याच देशाचं नाही. समितीने सांगितलं की हे सनदेचं उल्लंघन आहे, अठराव्या वर्षापर्यंत मुलाला असं ताटकळत ठेवता येत नाही.

दुसरं प्रकरण टांझानियाचं. तिथे गरोदर राहिलेल्या मुलींना शाळेतून काढून टाकण्याची प्रथा जुनी होती. मुलींची सक्तीने गर्भचाचणी व्हायची. जून २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं की आपण सत्तेवर असेपर्यंत अशी एकही मुलगी शाळेत परतणार नाही. बलात्कारातून दिवस गेलेल्या मुलींनाही यातून सूट नव्हती. २०१९ मध्ये दोन संस्थांनी समितीकडे तक्रार केली. मार्च २०२१ मध्ये मागुफुली यांचं निधन झालं, सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. समितीचा निकाल आला २०२२ मध्ये. टांझानियाने मुलींच्या हक्कांचं उल्लंघन केलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

यात निकालाचं श्रेय किती? बंदी आधी उठली, निकाल नंतर आला. जागतिक बँकेने २०१८ मध्ये शिक्षणासाठीचं ३० कोटी डॉलरचं कर्ज रोखून धरलं होतं, तो दबावही होताच. समितीकडे पोलीस नाहीत, दंड वसूल करायची यंत्रणा नाही. ती सांगू शकते, विचारू शकते, अहवाल मागू शकते. ज्या सरकारला ऐकायचं नाही ते वर्षानुवर्षं टाळू शकतं. तरीही फरक आहे. बंदी नुसती उठली तर पुढचा राष्ट्राध्यक्ष ती परत आणू शकतो. ‘हे बेकायदा होतं’ असा निकाल कागदावर असेल, तर त्याला ते तितकं सोपं जात नाही.

आणि जिथे युद्ध चालू आहे तिथे कागद काहीच करत नाही. सुदानने ही सनद स्वीकारली आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि युनिसेफच्या म्हणण्यानुसार १ कोटी ७० लाखांहून अधिक मुलांची शाळा सुटली. युनेस्कोच्या २०२२ च्या आकडेवारीत सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शाळेबाहेर असलेली मुलं-मुली ९ कोटी ८० लाख होती. सुदानचं युद्ध त्यानंतरचं.

आणि सोवेटोचा देश?

दक्षिण आफ्रिकेत आज जवळजवळ सगळी मुलं शाळेत जातात. पण २०२१ च्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतल्या ८१ टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागत नव्हता.

आता ती मातृभाषेची जुनी गाठ पुन्हा समोर येते. बहुतेक कृष्णवर्णीय मुलं तिसरीपर्यंत घरच्या भाषेत शिकतात आणि चौथीत सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. घरच्या भाषेत पाया पक्का नाही, आणि त्यावर इंग्रजीचा मजला. बरं, ही चाचणी मुलांनी ज्या भाषेत सुरुवात केली त्याच भाषेत घेतली होती, त्यामुळे सगळा दोष इंग्रजीवर ढकलूनही चालणार नाही. आफ्रिकन भाषांतली पुस्तकं कमी आहेत, वर्ग गच्च भरलेले आहेत आणि लहान मुलांना वाचायला कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण कच्चं आहे.

ईस्टर्न केप प्रांतात २०१२ पासून एक प्रयोग चालू होता. चौथीनंतरही गणित आणि विज्ञान इसिझोसा किंवा सेसोथो भाषेत, सोबत इंग्रजी. २०२५ पासून सरकारने हा द्विभाषिक प्रयोग देशभर चौथीपासून टप्प्याटप्प्याने सुरू केला आहे. विरोध दोन्ही बाजूंनी आहे. मुलाला पुन्हा ‘बांटू शिक्षणा’त ढकलताय का, अशी शंका काही कृष्णवर्णीय पालकांना येते. दुसरीकडे सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी शाळांबाबतच्या नव्या कायद्यावर सही केली. शाळेची भाषा ठरवण्यात सरकारला त्यामुळे जास्त अधिकार मिळाले. त्यावर सर्वांत मोठा आवाज उठवला तो आफ्रिकान्स शाळांच्या पालकांनी. आमच्या मुलांची भाषा आम्हाला न विचारता ठरवू नका, अशी त्यांची मागणी आहे.